कन्यादानाचा पाट

केसरबाईंनी मठाला जेवढं धान्य दिलं तेवढं आमच्या गावात कुणी दिलं नाही, आणि त्या मठापायी केसरबाईंइतकं कुणी जळलंही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या गावचा माणूस देताना सढळ हाताने देतो, आणि दिल्यावर शेजाऱ्याला जास्त आशीर्वाद मिळाला का ते वाकून बघतो.

मठ म्हणजे बद्रीनाथबुवांचा. मानमोडीच्या तापाच्या साथीत तेलगावपासून इकडे आमच्या पट्ट्यात घरंच्या घरं आडवी झाली. मागे राहिलेली पोरं बुवांनी गोळा केली आणि मठात आणून ठेवली. निजामाचं सरकार हैदराबादेत, तिथून आमचं गाव दिसत नव्हतं. माजलगावच्या तहसीलदाराला दिसायचं, पण फक्त साऱ्याच्या दिवसांत. तेव्हा पोरं पोसायची ती गावानेच, आणि त्याची एक रीत पडून गेली. भाकरीचं पीठ दळायला घेताना बाईने एक मूठ ज्वारी मठाच्या गाडग्यात टाकायची आणि खळ्यावर रास मोजताना पहिलं माप मठाला द्यायचं. पहिल्या मापाला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तो लाभ पोरक्या पोरांच्या पोटात जायचा. दर शनिवारी मठातल्या मुली टोपल्या घेऊन घरोघरची गाडगी रिकामी करायला येत.

त्यातली एक भिवरा. माजलगावच्या बाजाराला निघालेलं एक कुणब्याचं जोडपं आमच्या मारुतीच्या देवळात तापाने निजलं ते उठलंच नाही. त्यांना सोडून गेलेल्या गाडीवाल्याला त्यांची जात तेवढी ठाऊक होती. कूळ, गाव, काही नाही. बाईच्या पदराखाली दोन महिन्यांची पोर होती, तीच भिवरा. त्याच आठवड्यात रामहरीच्या बायकोची, मंजुळाबाईची, तान्ही लेक साथीत गेली होती. छातीत दूध आणि घरात रिकामा पाळणा. बुवांनी पोर तिच्या ओटीत टाकली आणि तिने वर्षभर पाजली. पण रामहरीची जमीन म्हणजे दोन एकर बरड, आणि घरात खाणारी चार पोरं आधीच. पोर अंगावरून सुटली तशी मठात परत गेली. बोलायला लागली तेव्हा मात्र मंजुळाबाईला 'माय' म्हणाली, आणि पुढे तेच चाललं.

केसरबाई म्हणजे सुंदररावांची बायको. काळी कसदार जमीन, दावणीला बैलजोड्या, दारात कळंबाचं डेरेदार झाड. फक्त मूल नव्हतं. दत्तक घ्यायचा तर पोरगा, तोही भावकीतला, असं सुंदररावांचं म्हणणं; आणि भावकीतलं एकही कार्टं केसरबाईंना डोळ्यांसमोर नको होतं. त्यांचा जीव जडला होता भिवरावर. आता एखाद्यावर जीव जडला तर निदान त्याच्या दुधाच्या आईने समोरच्या घरात राहू नये. पण मंजुळाबाईचं घर गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोर होतं.

शनिवार आला की केसरबाई सकाळपासून ओसरीवर. भिवरा यायची तेव्हा त्या गाडगं द्यायच्या नाहीतच, सूप भरून ज्वारी ओतायच्या. वर वाटीत तूप-साखर. भिवरा उभ्याउभ्या खायची, वाटी घासून, विसळून पालथी घालायची आणि म्हणायची, "येते, बाईसाब." परक्या घरी खातात तसं. ती पालथी वाटी बघून केसरबाईंना वाटे, हिने वाटी उष्टी टाकून जावं, एखादी फोडावी, पण ही घासणं-विसळणं नको.

तिथून ती समोर जायची. तिथं गाडग्यात असायची कशीबशी अर्धी टोपली ज्वारी. पण तिथं भिवरा बसायची. पाय पसरून. मंजुळाबाई तिच्या डोक्यात तेल घालायची, वेणी ओढून घालायची, ती ओरडायची, "माय, हळू की गं!" लसणाची चटणी आणि शिळी भाकरी खाऊन ताट तसंच ठेवून उठायची. केसरबाई हे सगळं ओसरीवरून बघत. न बघण्यासाठी आत जाता आलं असतं, पण जात नसत.

"चार पोरं हायेत तिला," त्या सुंदररावांना म्हणत. "चार! तरी ह्या पाचवीला धरून बसलीय. हावरट कुठली."

"अगं, दूध पाजलंय तिनं."

"वर्सभर पाजलं. मी पंधरा वर्सं खाऊ घालतेय. तुमचा हिसाब कसला ओ?"

सुंदरराव पागोटं डोक्याला लावून बाहेर पडत. ह्या विषयावर बायकोशी वाद घालू नये एवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं.

अनाथ पोरीला स्थळ कोण आणतं? भिवरा सोळाची झाली तरी मठातच होती. त्या साली मात्र घाटनांदूरच्या अर्जुनरावांनी आपल्या मुलासाठी, उत्तरेश्वरासाठी, तिला मागणी घातली. माणूस सरळ. हुंडा नको, मानपान नको. एकच गोष्ट मागितली. "पोरगी मठातून उठून आली असं माझ्या सुनंला कुनी म्हनू नये. एखाद्या जोडप्यानं पाटावर बसून कन्यादान करावं. तिला एक माहेर पायजे."

बुवांनी विचारलं, "आणि देवक?" लग्नात आमच्याकडे प्रत्येक घराणं आपापलं देवक पुजतं. कुणाचं झाड, कुणाचं पान, कुणाचं पीस. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. झालीच तर कूस उजवत नाही असं म्हणतात. अर्जुनराव हसले. "तिला देवकच न्हाई, तर आडवं यील कसं?" सगळे हसले. सोयरीक पक्की झाली.

इथंच गावाचं चुकलं. जो कन्यादानाला बसेल त्याचं देवक पोरीला चिकटेल, ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. यायला डोकं ठिकाणावर हवं ना. सगळं गाव दुसऱ्याच मजेत गुंग होतं, पाटावर कोण बसणार, केसरबाई की मंजुळाबाई!

लग्न गावानेच करायचं होतं. कुंभाराने मडकी दिली, तेल्याने तेल, कासाराने चुडा भरायचं कबूल केलं, कुणी गूळ दिला, कुणी गहू. मंजुळाबाईने नवऱ्याला न विचारता आपल्या कानातली फुलं मोडून भिवराला जोडवी केली. हे कळल्यावर केसरबाईंनी त्याच दुपारी पोरीसाठी पैठणचं लुगडं, पाटल्या आणि तांब्यापितळेची पाच भांडी मठात धाडली. रामहरीने मांडवाला बांबू दिले तर केसरबाईंनी सगळा मांडवच घातला. बुवा हात जोडून म्हणाले, "बाई, एवढं नको. पोरगी एकच आहे." केसरबाई म्हणाल्या, "एकच हाय म्हनून तर."

शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बसली. दूध मोठं की दाणा मोठा, ह्यावर तकरार सुरू झाली. म्हातारा हरिबा म्हणाला, दूध मोठं, दुधाचं नातं तुटत नसतं. पुष्कळांनी माना हलवल्या. मग सुंदररावांचा निरोप आला की गावजेवण आमच्याकडून, गव्हाच्या पोळ्या आणि बुंदी. त्यानंतर माना दुसऱ्या दिशेने हलल्या. दाणा मोठा ठरला. हरिबाचीही हलली. दात नसले तरी बुंदी विरघळते. भिवराला बुवांनी विचारलं होतं. तिने कुणाचं नाव घ्यावं? एकीचं दूध प्यालेली, दुसरीचं अन्न खाल्लेली.

मंजुळाबाई बैठकीला नव्हती. फैसला ऐकून तिने दाराला कडी घातली. केसरबाईंनी ते दार लागलेलं ओसरीवरून बघितलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण लई गोड लागलं.

रीतीप्रमाणे लग्नाआधी पोरगी माहेरी यायची म्हणून भिवरा केसरबाईंच्या घरी राहायला आली. आली, ती चुलीपाशी मदत करायला बसली, उरलेलं झाकून ठेवलं, वाटी पालथी घातली. "बाईसाब, झाडू कुठं हाय?" केसरबाईंना रडू आलं, रागही आला. "तू लेक हायेस का मोलकरीन? बस गुमान!" त्या ओरडल्या. पोर घाबरून बसली.

दुसऱ्या दिवशी घाटनांदूरहून नवऱ्या मुलाची आत्या, चंद्रभागाबाई, पुढच्या तयारीला म्हणून आली. गाडीतून उतरली, दोन पावलं चालली आणि दारातल्या कळंबापाशी थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि झाडाला हात जोडले. बुंध्याला बोटं लावून ती कपाळी टेकवली.

केसरबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला पायावर पाणी घालायचा तांब्या तिथंच राहिला. कारण रोज सकाळी त्या स्वतः नेमकं असंच करत. असेच हात, अशीच बोटं कपाळाला. कळंब हे सुंदररावांच्या घराण्याचं देवक होतं. त्याची फांदी ह्या घरात कुणी तोडत नसे, लाकूड चुलीत घालत नसे.

"तुमच्या दारात कसं ओ हे झाड?" चंद्रभागाबाईने कौतुकाने विचारलं. "आमचं देवक हाय, म्हनून म्हनलं."

"असंच उगवलंय," केसरबाई म्हणाल्या.

एवढंच बोलल्या. पाहुणीच्या पायांवर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं. पण आपलं देवक आपल्या तोंडाने नाकारलं हे त्यांना कळलं होतं, आणि कशासाठी नाकारलं तेही कळलं होतं. खरं सांगितलं तर पाट जाणार समोरच्या दारात. मंजुळाबाईचं देवक उंबर. तिला काहीच आडवं येत नव्हतं. एकीकडे हा जळफळाट.

आणि दुसरीकडे भीती. केसरबाईंची सासू मरेपर्यंत एकच म्हणत आली होती, 'तुझ्या माहेरच्यांनी देवक लपवलं, म्हणून माझ्या घरात पाळणा हलला नाही.' खरं-खोटं देवाला माहीत. केसरबाईंना ते खरं वाटत आलं होतं, आणि त्यातच त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता त्या स्वतःच्या हाताने भिवराला त्याच वाटेला लावणार होत्या.

त्यांनी मनाशी तोड काढली. देवक म्हणून पाच पालवी आणायची, आंबा, वड, पिंपळ, जांभूळ, उंबर. ती कुणालाही चालते. घाटनांदूरच्या लोकांना कळायचं नाही. सुंदररावांनी विचारलंच, "आपला कळंब कावून न्हाई?" तर त्यांना सांगितलं, "पोरगी मठाची हाय, पाच पालवीच बरी." सुंदररावांनी मान हलवली. बायकांच्या कामात त्यांनी तोंड घातलं नाही.

पण कळंब दारातच उभा होता. लग्नाच्या सकाळी केसरबाई घाईघाईने त्याच्यासमोरून गेल्या. हात जोडले नाहीत. लग्न लागेपर्यंत जोडायचे नाहीत असं ठरवलं होतं, पाहुणे बघतील म्हणून.

मांडवात हळद सुरू झाली. सनई वाजत होती, घाटनांदूरची मंडळी एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. मंजुळाबाईही आली होती. बोलावणं म्हणून नाही, पोरीच्या लग्नाला न येऊन कशी राहील म्हणून. जुनेरं नेसून अगदी मागे बायकांत उभी होती. केसरबाईंनी तिला बघितलं आणि मुद्दाम भिवराला जवळ ओढून बसल्या. हळद लावायला लागल्या. गालाला, कपाळाला, मानेला. जरा जास्तच. त्यांचा हात मंजुळाबाईसाठी फिरत होता, भिवरासाठी नव्हे.

"आई गं! माय, डोळ्यात गेली!" भिवरा कळवळली.

केसरबाईंचा हात थांबला.

भिवराच्या ध्यानातही आलं नव्हतं. डोळा चोळत ती तोंड वर करून बसली होती, लहान पोर आईपुढे करते तसं. केसरबाईंनी पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि तिचा डोळा हलकेच पुसला. "उघड. बघ आता. गेली का?" "व्हय," भिवरा म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात टेकून सरळ बसली.

पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं. गावासमोर, मंजुळाबाईसमोर मिळालं होतं. केसरबाईंनी वर बघितलं. मंजुळाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. हे बघायला आपल्याला किती आवडेल असं त्यांना वाटत आलं होतं, आणि आवडलंही, उगीच खोटं कशाला सांगा. पण नेमकं तेव्हाच एका सवाष्णीने भिवराची ओटी भरली आणि म्हटलं, "आठ पोरांची आई हो, बाई." भिवरा लाजली. केसरबाईंना त्या ओटीतले तांदूळ दिसले. ह्या ओटीत आपण काय घालतोय तेही दिसलं. बाईसाब असत्या तर बसून राहिल्या असत्या. पण आता त्या माय होत्या.

त्या उठल्या.

"सनई थांबवा," त्या म्हणाल्या. "मला पाटावर बसता येत न्हाई. पाव्हण्यांचं देवक कळंब हाय, आन आमचंबी कळंबच हाय. मी बसले तर ह्यी दोघं भाऊ-बहीन व्हतील."

चंद्रभागाबाई पुढे आली. "आवो, मी इचारलं तवा तुमी म्हनलात, असंच उगवलंय!"

"खोटं बोलले," केसरबाई म्हणाल्या.

सुंदरराव लाल झाले, बायकोच्या कानाशी लागून दबक्या आवाजात काही बोलले. केसरबाईंनी ऐकलं नाही. बायकांना बाजूला सारत त्या थेट मंजुळाबाईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ह्या दोघी कित्येक वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"चल. बस पाटावर."

"मी कावून?" मंजुळाबाई म्हणाली. "गावानं तुमाला बशिवलंय. तुमचं उष्टं मला नगं."

"उष्टं न्हाई. आजून पानी सोडलं न्हाई मी."

"इतके दिस कुठं गेलती ही अक्कल?"

"तुझ्या दारात येऊन सांगाया लागंल म्हनून मेली व्हती. चल आता. म्हूर्त टळंल."

मंजुळाबाईने पदर खोचला. मग म्हणाली, "ह्यांना बोलवा कुनीतरी."

रामहरी विहिरीवर मांडवासाठी पाणी भरत होता. त्याला ओल्या धोतरानेच पकडून आणलं. त्याला काय चाललंय ते कळेना. पाटावर बसल्यावरही तो दोनदा उठायला निघाला. उंबराची डहाळी आणून देवक बसवलं. चंद्रभागाबाईने ते स्वतः निरखून घेतलं, तिचा आता कुणावर विश्वास राहिला नव्हता. कन्यादानाची वेळ झाली. रामहरीच्या ओंजळीवर मंजुळाबाईने झारीने पाण्याची धार धरली. केसरबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांना ती धार बघवत नव्हती, आणि मान वळवताही येत नव्हती. झारी त्यांच्याच घरची होती. मंजुळाबाईची धार जरा वाकडी गेली तेव्हा त्यांना वाटलं, माझी गेली नसती.

जेवणं उठली. बुंदी गावाने पोटभर खाल्ली. दूध मोठं की दाणा, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. मग गाडी जुंपली. भिवरा बुवांच्या पाया पडली, मठातल्या पोरांच्या गळ्यात पडली, मंजुळाबाईला मिठी मारून रडली. केसरबाई लांब उभ्या होत्या. वाट बघत होत्या आणि आपण वाट बघतोय हे कुणाला दिसू नये म्हणून धडपडत होत्या. भिवरा त्यांच्याकडे आली, वाकली. केसरबाईंनी तिला उठवलं आणि एकदम म्हणाल्या, मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात:

"पयलं बाळंतपन माझ्या घरी. आत्ताच सांगून ठिवते."

मंजुळाबाईचे डोळे त्याच क्षणी कोरडे झाले. "वा गं वा! पयलं बाळंतपन माहेरी आसतंय. माहेर कुनाचं? पानी कुनी सोडलं?"

"तुझ्या घरात बाजंला तरी जागा हाय का? दोन खन, त्यात चार पोरं!"

"चार पोरं त्याच दोन खनांत झाल्यात. बाळंतपन कसं करत्यात ते मला शिकवू नगा. तुमाला काय म्हाईत?"

हे लागलं. सगळ्यांना दिसलं की लागलं. मंजुळाबाईलाही दिसलं, आणि तिने ओठ चावला. केसरबाई हळूच म्हणाल्या, "न्हाई म्हाईत. म्हनून तर माझ्या घरी पायजे."

"बायांनो," अर्जुनराव काकुळतीला आले, "आदी पोरगी तर जाऊ द्या." उत्तरेश्वर बिचारा मुंडावळ्यांतून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. त्याला वाटलं होतं, आपण अनाथ मुलगी करतोय.

भिवरा गाडीत बसली होती. पदर सारून तिने दोघींकडे बघितलं, आळीपाळीने. नाक पुसलं. "मला लई भ्या वाटंल तवा," ती म्हणाली. "दोघीबी याल का?"

"यीन की," दोघी म्हणाल्या. अगदी एकदम म्हणाल्या. पण कुणाचं आधी तोंडातून निघालं, यावर त्या दोघी मरेपर्यंत भांडल्या.